डबीच्या तळाचा कागद

झाकण माझं घट्ट बसतं. अंगठ्याचं नख खुपसून उचकटलंत तरच उघडते, नाहीतर बसा आपटत. उघडलं ना? मग आता ऐका. मी पत्र्याची डबी बोलतेय, आणि मधे तोंड घालणारं माणूस मला चालत नाही.

जन्म कारखान्यातला. एका दणक्यात तळ, दुसऱ्या दणक्यात झाकण. आईबाप विचाराल तर साचा आणि घण. अंगावर गुलाबाची वेल छापली, पोटात लिंबाच्या गोड गोळ्या भरल्या. कुण्या घरच्या पोरांनी त्या आठ दिवसांत फस्त केल्या. मग मी बटणांची झाले, मग सुई-दोऱ्याची, मग कुणीतरी मला कचऱ्यात भिरकावलं आणि मावशीनं उचललं. एका कोपऱ्याला पोचा आला तो तेव्हाच. गुलाब पुसून गेले, देठ तेवढे राहिले.

मावशी म्हणजे धुलाईखान्यातल्या इस्त्रीच्या खोलीची मोठी बाई. तिला मोठी कुणी नेमलं नव्हतं. ती आपली आपणच झाली होती, आणि कुणाची नाही म्हणायची छाती झाली नव्हती. गावातल्या मोठ्या दवाखान्याचं सगळं कापड या धुलाईखान्यात येतं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. प्रत्येकाच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याची खूण. खोलीच्या मधोमध वाफेचा रोलर, माणसाच्या कमरेएवढा जाड. दोघी बायका ओली चादर ताणून त्याच्या तोंडात घालतात, पलीकडे दोघी ती झेलतात. कडकडीत गरम. चार पावलं पुढे, घडी, चार पावलं मागे, पुन्हा हात वर. दिवसाला आठशे चादरी. संध्याकाळी एकीचीही कंबर सरळ होत नाही. आणि चादरीवर निजणाऱ्याला वाटतं की चादरी आपोआप सपाट होतात.

म्हणून मी. मावशीनं पुठ्ठ्याचे तुकडे कापून माझ्या पोटात चार खण पाडले आणि निळ्या पेन्सिलीनं लिहिलं: डोकं. कंबर. पोट. चौथा खण बारीकसारीक, त्यात चिकटपट्टी, पिना, दातकोरणी. ज्या बाईला जी गोळी मिळेल ती तिनं आणून टाकायची, आणि जिला जे दुखेल तिनं ते उचलायचं. अख्खं पाकीट माझ्यात मावायचं नाही. मग मावशी कात्रीनं त्याचे तुकडे करायची, एका गोळीचा एक तुकडा. नाव मधोमध कापलं जायचं. कुणाच्या वाट्याला पुढची दोन अक्षरं, कुणाच्या वाट्याला मागची. पण नाव लागतंय कुणाला? पांढरी चपटी ती डोक्याची, केशरी लांबट ती कमरेची, निम्मी लाल-निम्मी पांढरी ती पोटाची. सोपा कारभार.

एक सांगते, फुशारकी समजा. मला वाचता येतं. डब्या शाळेत जात नाहीत, पण पाकिटाचा तुकडा तुमच्या उराशी वर्षभर पडून राहिला की येतंच. मागची अक्षरं सोमवारी आली आणि पुढची गुरुवारी, तरी मी जोडून घेते. मावशीही शाळेत गेली नव्हती. कपड्यांच्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या असतात, बाळंतीण विभाग, अपघात विभाग, त्यांवरून ती अक्षरं शिकली. ठळक अक्षर असलं की ती धडाधड वाचते. बारीक अक्षर आणि जोडाक्षरांची गर्दी दिसली की तिचं बोट चालतं, पण डोळे थांबतात. हे खोलीत एकाही माणसाला माहीत नव्हतं. सगळ्यांचे अर्ज, नोटिसा, पोरांचे निकाल तिच्यापुढे यायचे. "मावशी, वाचून सांग गं." आणि ती सांगायची. निम्मं वाचून, निम्मं अंदाजानं. बाई हुशार, अंदाज दहातले नऊ वेळा खरा निघायचा. झाकली मूठ म्हणतात ती हीच.

आता त्या दहाव्या वेळेचं सांगते.

खोलीत एक बाई होती. तिला सगळ्या गाठोडं म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, आणि ती ओ द्यायची. अंगानं एवढी की रोलर आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून तिला जाता यायचं नाही. म्हणून ती कायम घालणाऱ्या बाजूलाच, झेलणाऱ्या बाजूला कधी नाही. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, चार पायऱ्या चढली की भात्यासारखा आवाज. नवरा केव्हाच निघून गेलेला. पदरी एक मुलगी, वीस वर्षांची, बसच्या डेपोत खिडकीमागे बसून तिकिटं द्यायची.

"आई, तू जिना चढून घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो," मुलगी म्हणायची म्हणे. गाठोडं ते हसत सांगायची. हसायची, पण एकदा सांगता सांगता हसू मधेच राहिलं.

एक दिवस ती रोलरपाशीच चक्कर येऊन बसली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता औषधानं भागायचं नाही, वजन उतरवायचं ऑपरेशन करू. पोटाचा वरचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करायचा आणि आतडं वर ओढून त्याला जोडायचं. अन्न थोडं जाईल, माणूस उतरेल. मावशीनं ऐकून नाक मुरडलं. "देवानं दिलेलं पोट कापायचं? त्यापेक्षा तोंड शीव." पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फाटकाशी जाऊन उभी राहिली तीच.

दीड महिन्यानं गाठोडं कामावर आली. आणि त्यानंतर दर आठवड्याला ती कमी कमी होत गेली. डोळ्यांदेखत. चौथ्या महिन्यात तिनं सगळ्यांना हाक मारली, "अगं बघा, बघा!" आणि बोळातून आडवी न होता, पोट आत न घेता, सरळ चालत झेलणाऱ्या बाजूला गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या. रफूवाली, म्हणजे कोपऱ्यात बसून फाटक्या चादरी शिवणारी, म्हणाली, "हे कसलं गाठोडं! हा तर रुमाल!" त्या दिवसापासून ती रुमाल झाली. तिला इतकं आनंदानं लाजताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पण आता कान देऊन ऐका, कारण वाईट गोष्टी ढोल वाजवत येत नाहीत.

पहिली गोष्ट जेवणाची. दुपारी साऱ्या जणी घडीच्या टेबलाभोवती डबे उघडून बसायच्या. रुमालचं जेवण चार चमचे. बाकीच्यांचा पहिला पदार्थ संपायच्या आत तिचं आटोपलेलं. पुढचा अर्धा तास करायचं काय? दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं? "घे गं एक घास," म्हणायच्या, मग जीभ चावायच्या. तिला त्याची लाज वाटायला लागली. मग ती उठून मागच्या दाराशी जाऊ लागली, बॉयलरवाला दादा तिथे सिगारेट ओढत उभा असायचा. त्यानं एकदा पुढे केली. भूक मरते, तो म्हणाला. आधी दोन झुरके, मग अर्धी, मग दुपारची एक आणि सुटतानाची एक. मुलीच्या नाकाला वास लागू नये म्हणून उरलेली अर्धी सिगारेट कागदात गुंडाळून माझ्या चौथ्या खणात ठेवायची. आणि त्यावर दातकोरणी.

दुसरी गोष्ट पोटाच्या गोळीची. दवाखान्यानं तिला पोटातलं आम्ल कमी करायची गोळी दिली होती, डॉक्टर थांबवतील तोवर रोज एक. पहिले तीन महिने मुलगी सकाळी स्वतः हातावर ठेवायची. मग मुलीची डेपोतली पाळी पहाटेची झाली, आणि आई आता धडधाकट दिसायला लागली होती. रफूवालीला मात्र जळजळ. रुमालनं तीन पाकिटं आणली आणि मावशीपुढे ठेवली.

"काप मावशी. मला आता काही जळजळ नाही. हिला उपयोगी पडू देत."

"तुला नकोत?"

"मला काय होतंय? पोटच केवढं राहिलंय आता, त्यात जळायला जागा कुठे!"

हशा पिकला. मावशीनं कापली. देणारी गेली आनंदात, घेणारी गेली आनंदात. दानधर्म कधी कधी असा अंगाशी येतो.

तिसरी गोष्ट कमरेची. झेलणारीचं काम घालणारीपेक्षा जड, गरम चादर डोक्यावरून खाली ओढायची. रुमालला जन्मात पहिल्यांदा ती जागा मिळाली होती, ती सोडायची तिची तयारी नव्हती. कंबर भरून यायची, खांदा धरायचा. बायका म्हणाल्या, घे ना डबीतली कमरेची. ती घेईना.

"मुलीनं बजावलंय. दुखण्यावरच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, पोटाला चालत नाहीत." आणि तिनं पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. दवाखान्यानं घरी जाताना दिलेला. घरी एक आणि दुसरा कामावर ठेव, म्हणून मुलीनं दिलेला. "मावशी, तूच बघ ना. ही केशरी यात येते का?"

बायका गोळा झाल्या. मी मधे टेबलावर, झाकण उघडं. मावशीनं चष्मा चढवला. वरची ठळक अक्षरं मोठ्यानं वाचली: "घास लहान घ्या. चावून खा. जेवताना पाणी पिऊ नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खाली आलं बारीक अक्षर. अमुक गटातल्या गोळ्या, आणि पुढे एकापुढे एक औषधांची नावं, तोंडात दगड धरल्यासारखी. मावशीचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं. दुसऱ्या. तिसऱ्या. बोट थांबलं नाही. पण कागद माझ्यावरच धरला होता ना तिनं, मी तिचे डोळे पाहिले. ते केव्हाच थांबले होते.

तिसऱ्या ओळीत, बोटाच्या अगदी खाली, त्या केशरी गोळीचं नाव होतं. पूर्ण. माझ्या खणात त्याच नावाचे बारा तुकडे पडले होते.

मी काय करणार? पत्रा वाजला तर उंदीर म्हणतात.

"हिचं नाव नाही यात," मावशी म्हणाली. मग आवाज चढवून, कारण खोटं नेहमी जरा मोठ्यानं बोलावं लागतं, "आणि ही दुखण्याची नव्हेच मुळी. ही कमरेची. सूज उतरवते. दुखण्याची वेगळी असते."

"नक्की ना मावशी?"

"मी वाचलं की तू?"

बस्स. एवढंच झालं. त्यात दुष्टपणा शोधाल तर रवाभर सापडायचा नाही. होता तो अभिमान. आणि कळस पुढेच आहे. मावशीनं तो कागद नीट चौकोनी दुमडला, माझे खण उचलले, आणि माझ्या तळाशी अंथरला. "हाताशी असू दे," म्हणाली. वर पुन्हा खण, खणांत गोळ्या. दिव्याखाली अंधार असतो, तसा माझ्या तळाशी तो कागद. ज्या गोळीला मनाई, तीच गोळी त्या मनाईवर निजलेली. शेजारच्या डोक्याच्या खणात पांढरी चपटी होती. दुखलंच तर ती चालेल असं त्याच कागदात लिहिलं होतं. मधे फक्त पुठ्ठा.

सकाळी एक केशरी, दुपारी एक. पाच महिने.

पोट बोलत नाही असं नाही, ते आधी कुरकुरतं. पाचव्या महिन्यात रुमालला बरगड्यांच्या खाली मधोमध दुखायला लागलं. दोन चमचे पोटात गेले की कळ. ती बसायची, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन, कपड्यांच्या ढिगाला पाठ टेकून. कोणी विचारलं की म्हणायची, "पोट लहान झालंय ना, कुरकुरणारच." एकदा मावशीला बाजूला घेऊन हळूच बोलली.

"मावशी, काळं जातंय गं. डांबरासारखं."

"लोहाच्या गोळ्या घेतेस ना? त्यानं काळंच होतं. माझ्या बहिणीला व्हायचं."

हाही अंदाज. आणि तोही चुकीचा म्हणता येत नाही, लोहानं होतंच काळं. म्हणून तर तो जास्त घातक.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ का? तारीख केव्हाचीच उलटून गेलीय."

"जा की. पण या आठवड्यात दोघी रजेवर आहेत. पुढच्या सोमवारी जा."

सोमवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी अकराचा सुमार. अपघात विभागाच्या चादरी चालू होत्या. रुमालनं चादर झेलली, चार पावलं मागे आली, आणि घडी घालायच्या ऐवजी वाकली. आवाज केला नाही. चादर हातात तशीच धरून गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. मावशी धावली. पोटाला हात लावला आणि हात मागे घेतला. पोट लाकडाच्या फळीसारखं.

"खांदा दुखतोय," रुमाल म्हणाली. "मावशी, पोट राहू दे, खांदा का दुखतोय गं?"

मावशीकडे या वेळी अंदाज नव्हता.

बॉयलरवाल्या दादानं तिला उचलून कपडे वाहायच्या चाकांच्या गाड्यात ठेवलं. तिला एका माणसानं उचलावं, हे तिनं आयुष्यभर स्वप्नात पाहिलं असेल. दवाखान्याला धुतलेलं कापड पोचवणारी गाडी दारात उभी होतीच. तिच्यातच घातली, घड्यांच्या थप्प्यांच्या मधे. मावशी बरोबर चढली. चढता चढता मागे वळली आणि मला पिशवीत टाकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणसाचा हात कधी कधी डोक्याच्या आधी खरं बोलतो.

तपासणी झाली, यंत्रं लागली. मुलगी डेपोतून तशीच धावत आली, छातीवर बिल्ला लावलेला. ऑपरेशनला नेण्याआधी डॉक्टर दाराबाहेर आले. उंच, थकलेले, आणि घाईत असूनही हळू बोलणारे.

"छोट्या पोटाचा आणि आतड्याचा जोड असतो ना, तिथे अल्सर झाला होता, आणि तो फुटलाय. पोटात सगळीकडे घाण पसरलीय. मला पटापट सांगा. सिगारेट ओढतात का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "कधीच नाही."

"आम्लाची गोळी चालू आहे?"

"हो. रोज. मी स्वतः... म्हणजे आधी मी द्यायचे. आता ती घेते."

"दुखण्यावरच्या, सुजेवरच्या गोळ्या?"

"छे! मी बजावून ठेवलंय. शंभरदा बजावलंय."

"अल्सर करणारा पोटातला जंतू आम्ही ऑपरेशनच्या आधीच तपासला होता, तो नव्हता. टाकाही नीट होता. मग का व्हावं हे?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले आणि वळले.

मी मावशीच्या मांडीवर, पिशवीत. तिची बोटं पिशवीवरून मला धरून होती, इतकी घट्ट की माझा पोचा आणखी आत गेला. एक क्षण तिनं तोंड मिटलेलं ठेवलं. तो क्षण मी विसरणार नाही. तिथे गप्प बसली असती तर आजही ती खोलीतली शहाणी बाई राहिली असती, कुणाला काही कळलं नसतं.

"थांबा डॉक्टर," ती म्हणाली.

तिनं मला बाहेर काढलं आणि बाकावर उपडं केलं. सगळं पसरलं. डोकं, कंबर, पोट, बारीकसारीक. कागदातली अर्धी सिगारेट घरंगळत मुलीच्या चपलेपाशी गेली.

"ही तिची," मावशी म्हणाली. "दिवसाला दोन. ही लाल-पांढरी पोटाची, तिनं दुसरीला देऊन टाकली, चार-पाच महिने झाले. आणि ही केशरी. सकाळी एक, दुपारी एक."

डॉक्टरांनी केशरी तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. मागची दोनच अक्षरं. दुसरा उचलला, त्यावर पुढची तीन. जोडली. माझ्यासारखीच. "किती दिवस?"

"पाच महिने."

"कुणी सांगितलं घ्यायला?"

तेवढ्यात मुलीला माझ्या तळाशी चिकटलेला कागद दिसला. नखानं तिनं तो सोडवला. उघडला. घडीच्या रेघांवर गोळ्यांची केशरी भुकटी बसली होती.

"हा तर मी आईला दिला होता. कामावर ठेव म्हणून." तिचं बोट खाली गेलं. तिचं बोट थांबलं. तिसऱ्या ओळीवर. "इथे लिहिलंय की. इथे नाव लिहिलंय! मावशी, कुणी वाचला नाही का हा?"

"मी वाचला."

"मग?"

"मला वाचता येत नाही." मावशी उभी राहिली. उंची काही फार नाही तिची, पण ती मान वर करून बोलली, गुन्हेगारानं बोलावं तशी नाही, साक्षीदारानं बोलावं तशी. "एवढं बारीक येत नाही. चार बायकांसमोर ते म्हणवलं नाही. म्हटलं, हिचं नाव नाही यात. तिनं विचारलं होतं, नक्की ना मावशी. मी म्हटलं, मी वाचलं की तू."

डॉक्टरांनी ते केशरी तुकडे खिशात टाकले. मग म्हणाले, "हे बघा, एका गोळीनंच झालं असं नाही. सिगारेट आहे, आम्लाची गोळी बंद झाली, तारखा चुकल्या. कधी कधी सगळं नीट पाळूनही होतं. तुम्ही आत्ता सांगितलंत, याचा आम्हाला उपयोग होईल."

"माझी समजूत घालू नका. आत जा," मावशी म्हणाली. "तिला बघा."

ते गेले. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली, हातात ती अर्धी सिगारेट. तिचा वास घेत होती. "मला हा वास यायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं बसमधून येतो."

रुमाल पाच दिवस जगली. जोड शिवला, पोट धुतलं, पण विष रक्तात उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी थोडी शुद्धीवर होती म्हणे. मावशीला आत सोडलं, तिनं नंतर खोलीत सांगितलं तेवढंच सांगते. अंगाखालची चादर आमच्याच खोलीतली, कोपऱ्याला निळी खूण. तिची घडी वाकडी पडली होती. मावशीनं ती सरळ केली.

"कुणी घातलीय गं ही घडी?" रुमालनं विचारलं. नाकात नळी होती, शब्द फुटत नव्हते नीट, पण मावशीला कळलं. "मी नसले की असंच."

"कान उपटते त्यांचे," मावशी म्हणाली. पुढचं तिला म्हणायचं होतं ते तिनं म्हटलं की नाही, मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर होते. माहीत नसलेलं मी सांगत नाही. आपण तरी ती चूक करू नये.

ती गेल्यावर सहाव्या दिवशी मुलगी धुलाईखान्यात आली. आईचा झगा, चपला, पाण्याची बाटली न्यायला. बायका माना खाली घालून उभ्या. रोलर बंद होता. मी टेबलावर, रिकामी. मुलीनं दवाखान्यातला तो कागद पिशवीतून काढला, पूर्वीच्याच घड्यांवर दुमडला आणि माझ्या तळाशी ठेवला.

"ही तुम्हीच ठेवा, मावशी," ती म्हणाली. "आणि हा काढू नका."

शिव्या दिल्या असत्या तर मावशीला सोपं गेलं असतं. ही पोर आवाजही न चढवता गेली.

पुढे अकरा दिवसांनी रफूवाली कण्हत आली. सवयीचा गुलाम माणूस, मेल्या माणसाची आठवण दोन आठवडे धरतो आणि कंबर रोज दुखते. "मावशी, कमरेची दे गं एखादी."

मावशीनं नख खुपसून मला उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. आत कागद, बाकी काही नाही.

"नाही. आणि असती तरी मी सांगणार नव्हते कुठली कशाची. मला वाचता येत नाही." खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. एकीनं हातातला अर्ज, जो ती मावशीकडेच आणत होती, हळूच मागे घेतला. मावशीनं ते पाहिलं. पाहून गिळलं.

तर ही मी. आता माझ्यात गोळ्या नाहीत. कडेला गंज चढतोय, पुठ्ठ्याचे खण काढून टाकलेत, निळ्या पेन्सिलीची तीन नावं चुलीत गेली. मला फेकून द्या असं मी म्हणत नाही, पत्र्याचा काय दोष. पण तुमच्याही घरी, कामाच्या ठिकाणी, कपाटाच्या वरच्या फळीवर माझी एखादी बहीण असेल. असतेच. तिच्यातल्या तुकड्यांना नाव आहे का बघा. नसेल तर कुणाच्या हातावर ठेवू नका, कितीही प्रेमानं नको. ज्याच्या पोटाला कापून जोड दिलाय त्याच्या तर नकोच नको. त्याला त्याच्या डॉक्टरकडे न्या, सोमवारची वाट बघू नका. आणि न येणारी गोष्ट येत नाही म्हणा. जीभ झडत नाही त्यानं.

मावशी आता दुपारी जेवणाच्या टेबलावर बसत नाही. मागच्या दाराशी, जिथे रुमाल उभी राहायची, तिथे खोकं टाकून बसते. मला मांडीवर घेते, कागद काढते आणि बोट ठेवते. या वेळी बोट पळत नाही. एक अक्षर, मग त्याला टांगलेलं दुसरं, मग तिसरं. अडली की बॉयलरवाल्या दादाला विचारते, "हे काय आहे रे?" तो सांगतो. त्यानं सिगारेट सोडली की नाही ठाऊक नाही, तिच्यासमोर ओढत नाही एवढं खरं. पहिली ओळ लागायला चार दिवस गेले. दुसरीला तीन.

काल ती तिसऱ्या ओळीला आली. दादाला विचारलं नाही. ओठ हलत होते. पुढची तीन अक्षरं, मग मागची दोन. मग सगळं नाव एका दमात, मोठ्यानं, स्पष्ट, एकदाच.

मग तिनं कागद दुमडला, तळाशी ठेवला, आणि झाकण तळहातानं दाबून बसवलं. हात बराच वेळ काढला नाही.